पैसा वाळूच्या खाली घाला

"घोड्याला कसलं आलंय मैदान? जागा सपाट करा, मुरूम दाबा, वर चार डंपर वाळू ओता, अरीना तयार." महाराष्ट्रात घोडेस्वारीचं केंद्र काढायला निघालेल्या माणसाला हा सल्ला फुकटात मिळतो. जेसीबीवाला देतो, वाळूचा पुरवठादार देतो, घोड्यांमध्ये हयात घालवलेली माणसंही देतात. याच्या नेमका उलटा सल्ला दुसऱ्या टोकाकडून येतो: युरोपातून फायबर मागवा, मेण लावलेली वाळू टाका, मग वर्षानुवर्षं बघायला नको. पहिला सल्ला काटकसरीचा वाटतो, दुसरा दर्जाचा. दोन्ही चुकीचे आहेत आणि दोघांची चूक एकच आहे. दोघांचीही नजर वरच्या दहा सेंटिमीटरांवर खिळलेली आहे. उघड्यावरच्या रिंगणाचं बरंवाईट त्या दहा सेंटिमीटरांच्या खाली ठरतं, आणि नंतर रोजच्या निगेत.

आधी हिशेब करू. ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचं, पूर्ण मापाचं रिंगण २० बाय ६० मीटरचं, म्हणजे १,२०० चौरस मीटर. त्यावर १० सेंटिमीटर वाळू पसरायची तर १२० घनमीटर लागते. आपल्याकडच्या मापात सुमारे ४२ ब्रास. चार ब्रासचा डंपर धरला तर दहा-अकरा खेपा होतात. चार डंपर वाळू त्या जागेवर पसरली तर थर चार सेंटिमीटरही भरत नाही. पहिल्याच दिवशी खूर खालच्या मुरमाला लागतो. ब्रासला पोहोच ५,००० रुपये धरले तर ४२ ब्रासचे २ लाख १० हजार होतात. त्याखाली १५ सेंटिमीटर खडीचा थर द्यायचा तर १८० घनमीटर, म्हणजे सुमारे ६४ ब्रास खडी. ४,००० रुपये भावाने अडीच लाखांच्या वर. शिवाय खोदाई, रोलर, जिओटेक्स्टाइल कापड, छिद्रांचे पाइप, कडेचे गटार. म्हणजे वाळूपेक्षा वाळूखालचा खर्च मोठा. तो उद्घाटनाच्या फोटोत दिसत नाही, म्हणून अंदाजपत्रकात कात्री पहिली त्याच्यावरच चालते.

कात्रीचा परिणाम पहिल्या पावसाळ्यात दिसतो. निचरा नसलेल्या मुरमावर पाणी साठतं, मुरूम मऊ पडतो, घोड्यांचे खूर त्यात रुततात आणि वर उचलताना माती वाळूत कालवत जातात. दिवाळीपर्यंत वाळू आणि मुरूम यांचा एकच लगदा होतो, उन्हाळ्यात तो भाजून टणक होतो. ही वाळू चाळून परत मिळत नाही. सगळी उचलायची, कुठेतरी टाकायची, खालचं काम नव्याने करायचं आणि ४२ ब्रास पुन्हा विकत घ्यायचे. पहिल्या वेळी वाचवलेले अडीच लाख तर जातातच, वर वाळूचे दोन लाख आणि उचलण्याची मजुरी. रिंगण बंद राहिलं त्या महिन्यांची फी वेगळीच.

या "चालतंय की" मताच्या बाजूने इतिहासाचा दाखला हमखास दिला जातो. मराठ्यांची घोडी सह्याद्रीच्या दगडधोंड्यांतून दौडली, त्यांना कुणी फुटिंग अंथरलं होतं? प्रश्न बिनतोड वाटतो, पण इथे तो गैरलागू आहे. भीमेच्या खोऱ्यातली भीमथडी घोडी काटक, मध्यम चणीची, आणि त्यांचं काम लांबची मजल मारण्याचं होतं. पुढे जात राहायचं, जमीन सतत बदलती. आजच्या केंद्रातला घोडा रोज त्याच कडेने फिरतो, २० आणि १० मीटरच्या वर्तुळांत वळतो, त्याच कोपऱ्यात झुकतो, त्याच अडथळ्यावरून पुन्हा पुन्हा उडी घेतो. एकाच पायावर एकाच प्रकारचा ताण महिनोन् महिने पडतो. शिवाय मोहिमेत पाय गेलेला घोडा मागेच राहायचा. टिकले त्यांच्याच कथा आपल्यापर्यंत आल्या.

जुनी माणसं जमिनीबद्दल बेफिकीर होती हेही खरं नाही. ग्रीक सेनानी झेनोफन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अश्वविद्येवर लिहिताना तबेल्याबाहेरच्या अंगणात मुठीत मावतील एवढे गोल दगड अंथरायला सांगितलं आहे, खूर घट्ट व्हावेत म्हणून. आणि ते विखरू नयेत म्हणून कडेने लोखंडी बांध घालायलाही. दगडाचा आकार, त्याचा हेतू, त्याची कड, सगळं ठरवून. आपल्याकडे माथेरानच्या अश्वपालांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. लाल मातीच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवायला घेतले तेव्हा घोडे घसरतात म्हणून त्यांनी विरोध केला आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्याचं पोट घोड्याच्या पायांवर चालतं, त्याला पायांखालची जमीन क्षुल्लक वाटत नाही.

पायांचं गणित समजून घेतलं की हे का, ते कळतं. पाचशे किलोच्या घोड्याचं जवळपास साठ टक्के वजन उभ्याउभ्याच पुढच्या दोन पायांवर असतं. भरधाव दौडीत एका क्षणी एकाच पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. जमीन कठीण असेल तर आदळण्याचा धक्का हाडांत आणि सांध्यांत जातो. फार खोल आणि भुसभुशीत असेल तर प्रत्येक पावलाला पाय उपसून काढावा लागतो आणि टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे पट्टे, थकतात. पकड कमी असेल तर घसरण. पकड फार जास्त असेल तर टेकताना खुराला जी थोडी सरक लागते ती मिळत नाही आणि सगळा ताण वर जातो. यांपैकी कुठलीही एक गोष्ट "जितकी जास्त तितकी चांगली" अशी नाही. पायाचं टेंडन फाटलं तर घोडा पूर्ववत कामाला लागायला नऊ महिने ते वर्ष जातं. त्या काळात दाणा, वैरण, नालबंद, सईसाचा पगार यांतलं काहीच थांबत नाही. रिंगणाच्या खर्चाचा विचार करताना हा आकडा त्याच कागदावर मांडायला हवा.

जगाने हा धडा महागात घेतला आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये मार्कोपुलोच्या गवताच्या मैदानावर शो जंपिंग झालं आणि त्या मैदानावर सडकून टीका झाली. वैयक्तिक स्पर्धेच्या जंप-ऑफमध्ये अमेरिकेचा ख्रिस कॅपलर याचा घोडा रॉयल कॅलिबर जायबंदी झाला. त्यानंतरच्या वर्षांत रिंगणाच्या पृष्ठभागाचा अभ्यास गांभीर्याने होऊ लागला. अमेरिकेत मायकेल पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दौडत्या घोड्याचा पुढचा पाय जमिनीवर जसा आदळतो तशी हालचाल करणारं यंत्र वापरून मैदानं मोजली. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने (एफईआय) या विषयावर श्वेतपत्रिका काढली. तिच्यात पृष्ठभाग कशाचा आहे, यापेक्षा तो वागतो कसा, यावर भर आहे: पहिला आघात किती कठीण, वजन किती झेललं जातं, पाय उचलताना किती उसळी परत मिळते, पकड किती, आणि हे सगळं रिंगणाच्या प्रत्येक कोपऱ्यात व प्रत्येक ऋतूत सारखं राहतं का. यातला शेवटचा मुद्दा आपल्याकडे कुणीच विचारात घेत नाही. जूनमध्ये चिखल आणि एप्रिलमध्ये सिमेंट, अशी जमीन तिचा वार्षिक सरासरी मऊपणा कितीही चांगला निघाला तरी घोड्याच्या कामाची नाही.

आता वाळूकडे. वाळू म्हणजे वाळू, असं मानणं हीच सर्वांत महागडी चूक. नदीची गोल कणांची वाळू खुराखाली सरकत राहते, धरून ठेवत नाही. फार टोकदार कणांची वाळू दबून फरशीसारखी होते. मधली, किंचित धारदार कणांची आणि मातीचा अंश नसलेली वाळू रिंगणाला हवी. नदीची वाळू मिळणं आता अवघड झालं आहे आणि बाजारात सगळीकडे एम-सँड आली आहे. महाराष्ट्रातली एम-सँड बहुतेक करून बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा दगड, भरडून केलेली असते. तो क्वार्ट्झइतका टिकाऊ नाही. खुरांखाली त्याचे कण झिजून बारीक पूड होते.

त्यात आणखी एक गोम आहे. बांधकामाच्या वाळूसाठी असलेलं भारतीय मानक आयएस ३८३ भरडलेल्या वाळूत ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक पूड १५ टक्क्यांपर्यंत चालवून घेतं. काँक्रीटसाठी ते ठीकच आहे. रिंगणात तीच पूड पावसात चिखल होते आणि उन्हात धूळ. ती धूळ घोडा, स्वार आणि दिवसभर तिथे उभा असणारा सईस या तिघांच्या फुप्फुसांत जाते. "आयएसआय दर्जाची वाळू आहे" असं पुरवठादार छाती ठोकून सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याची वाळू स्लॅबसाठी पास झालेली असते, घोड्यासाठी नव्हे.

ही पारख करायला प्रयोगशाळाच लागते असं नाही. काचेची उभी बाटली घ्यावी, अर्धी वाळूने भरावी, पाणी ओतून चांगली हलवावी आणि रात्रभर ठेवून द्यावी. सकाळी तळाशी वाळू बसलेली असते, तिच्यावर बारीक गाळाचा फिकट थर आणि वर गढूळ पाणी. गाळाचा थर बोटभर जाड भरला तर तो डंपर दारातूनच परत पाठवावा. मग चिमूटभर वाळू पांढऱ्या कागदावर घेऊन भिंगाखाली पाहावी. कण सगळे एकाच आकाराचे आहेत की लहानमोठे मिसळलेले, कडा गुळगुळीत आहेत की तुटक्या, हे डोळ्यांना दिसतं. मोठ्या खरेदीआधी चाळणीचा अहवाल मागणं हे पुढचं पाऊल. सिव्हिलची कुठलीही मटेरियल टेस्टिंग लॅब तो करून देते.

पण वाळू कितीही निवडून आणली तरी पाण्याचा बंदोबस्त नसेल तर ती वाया जाते. पावसाळ्यात एका दिवशी १०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि कोकणात, घाटमाथ्यावर तसा होतोच, तर १,२०० चौरस मीटरच्या रिंगणावर १ लाख २० हजार लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे बारा टँकर. ते कुठून बाहेर जाणार, याचं उत्तर पहिली कुदळ मारण्याआधी कागदावर असायला हवं. उत्तरं दोन आहेत. एक, पाणी थरांतून खाली झिरपू द्यायचं: खडी, कापड, छिद्रांचे पाइप. दुसरं, खालचा थर कच टाकून इतका घट्ट दाबायचा की पाणी आत शिरणारच नाही, आणि एक टक्क्याच्या उताराने बाजूला काढायचं. २० मीटर रुंदीला एक टक्का म्हणजे अवघा २० सेंटिमीटर फरक. घोड्याला तो जाणवत नाही. उतार त्याहून बराच वाढवला तर पाण्याबरोबर वाळूही वाहून जाते. दोन्ही पद्धती चालतात. चालत नाही ती त्यांची सरमिसळ: झिरपणारी वाळू, खाली न झिरपणारा मुरूम आणि उतार शून्य. आपल्याकडची बरीच रिंगणं नेमकी अशीच बांधलेली असतात. काळ्या मातीवर तर वेगळीच अडचण. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचा प्रत्येक थर हलवते. ती खोदून काढल्याशिवाय वर काहीही अंथरणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

आता दुसऱ्या टोकाचं म्हणणं. कृत्रिम पृष्ठभागाचे फायदे नाकारण्यात अर्थ नाही. ब्रिटनमधल्या ड्रेसाज स्वारांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नुसत्या वाळूपेक्षा मेण लावलेली वाळू आणि वाळू-रबर यांची कामगिरी उजवी दिसली. अमेरिकेतल्या शर्यतींच्या नोंदीतही कृत्रिम ट्रॅकवर घोडे दगावण्याचं प्रमाण मातीच्या ट्रॅकपेक्षा कमी राहिलं आहे. पण त्याच ब्रिटिश पाहणीत ठिकठिकाणी वेगळी, खोल किंवा असमान होणारी जमीन लंगडण्याशी जोडलेली आढळली, आणि अशी असमानता खालच्या थरांतून आणि निगेच्या अभावातून येते, ब्रँडमधून नव्हे.

कॅलिफोर्नियाने हे अब्जावधींच्या उद्योगात अनुभवलं. २००६ मध्ये तिथल्या घोड्यांच्या शर्यतींच्या मंडळाने मोठ्या रेसकोर्सना कृत्रिम ट्रॅक सक्तीचा केला. सँटा अनिटाने २००७ मध्ये तो बसवला आणि २००८ च्या जानेवारीतल्या पावसात पाण्याचा निचराच होईना; शर्यतीचे दिवस रद्द करावे लागले. डेल मारच्या ट्रॅकवर वाळूवरचं मेण सकाळच्या गारव्यात एक वागायचं आणि दुपारच्या उन्हात दुसरं. सँटा अनिटा २०१० मध्ये मातीवर परतलं, डेल मार २०१५ मध्ये. रेसकोर्स आणि रिंगण यांची गरज वेगळी, पण मेण, ऊन आणि पाणी यांचे नियम दोन्हीकडे सारखेच. मे महिन्यात ४० अंशांवर तापणाऱ्या विदर्भात किंवा मराठवाड्यात मेणाची वाळू आणणाऱ्याने पुरवठादाराला पहिला प्रश्न तापमानाचा विचारावा.

फायबरचा दुसरा खर्च शेवटी समोर येतो. पुरवठादार चौरस मीटरला साधारण दोन किलो फायबर सुचवतात. १,२०० चौरस मीटरला ते जवळपास अडीच टन होतं. काही वर्षांनी ते वाळूत गुंतून झिजतं, वाऱ्याने कुंपणापलीकडे जातं, आणि वाळू बदलायची वेळ आली की प्लास्टिकमिश्रित सुमारे पावणेदोनशे टन कचरा उरतो, जो शेतातही टाकता येत नाही आणि बांधकामातही वापरता येत नाही. जुन्या टायरचा चुरा तर आणखी जोखमीचा. त्यात तारेचा तुकडा राहिला तर तो थेट खुरात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये मुद्दाम मिसळलेल्या मायक्रोप्लास्टिकवर निर्बंध आणले आणि कृत्रिम क्रीडांगणांतल्या दाण्यांना आठ वर्षांची मुदत दिली. ज्या खंडातून हे साहित्य येतं, तिथेच त्याची उलटतपासणी सुरू आहे. कोटेशनमध्ये मात्र विल्हेवाटीचा रकाना नसतो.

"आमच्या मुलांनी एशियाडचं सोनं आणलंच ना?" असा एक युक्तिवाद अलीकडे ऐकू येतो. २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंह आणि सुदिप्ती हजेला यांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं, भारताला अश्वारोहणात ४१ वर्षांनी. अभिमानाचीच गोष्ट आहे. पण हे चौघं युरोपात राहून, तिथल्या रिंगणांवर घडले. त्यांच्या पदकातून इथल्या मैदानांना प्रशस्तिपत्रक काढणं हे त्यांच्या मेहनतीवरही अन्याय करणारं आहे.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मोकळेपणाने मान्य करायला हवा. घोड्याला वेगवेगळ्या जमिनीची सवय असावी. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार युरोपीय देशांतल्या २६३ अव्वल शो जंपिंग घोड्यांचा मागोवा घेतला गेला, आणि ज्यांच्या सरावात विविधता होती त्यांचे दुखापतीने वाया गेलेले दिवस कमी निघाले. म्हणून घोडा आठवड्यातून काही वेळ शेतरस्त्यावर, गवतावर, टेकडीवर न्यावाच. पण विविधता ठरवून दिलेली असते. त्याच रिंगणात एका कोपऱ्यात पाच सेंटिमीटर आणि दुसऱ्यात पंधरा सेंटिमीटर वाळू असणं ही विविधता नव्हे, तो सापळा आहे. पुढच्या पावलाला जमीन बदलणार हे घोड्याला कळायला तिथे वावच नसतो.

"हे सगळं मोठ्या क्लबांना परवडतं, आम्हाला नाही" हा आक्षेप सर्वांत प्रामाणिक. त्याचं उत्तर लहान रिंगण. २० बाय ४० मीटरला १० सेंटिमीटर वाळू २८ ब्रासमध्ये होते. फक्त सपाट काम करणाऱ्या केंद्राने सहा-सात सेंटिमीटरने सुरुवात केली तर वीस ब्रासमध्येही भागतं. वाळू नंतर वाढवणं सोपं, काढणं महाग. वाचलेला पैसा निचऱ्यात, बाकीचा निगेत. निगा म्हणजे रोज ट्रॅक्टरमागे किंवा बैलांमागे फळी, कडेला लोटलेली वाळू फावड्याने परत आत, अडथळ्यांच्या जागा बदलत राहणं आणि पाणी. पाच मिलिमीटर पाणी मारायचं तर पूर्ण रिंगणाला ६,००० लिटर लागतं. उन्हाळ्यात बोअर आटते त्या गावात हे पाणी कुठून येणार, याची तजवीज बांधकामाआधी करायची असते.

निगा नीट चालली आहे की नाही, हे सईस एका नजरेत सांगू शकतो. फळी मारल्यावर पहिला घोडा चालवून त्याचा ठसा पाहावा. खुराची कड स्पष्ट उमटलेली, ठसा दोन-तीन सेंटिमीटर खोल, पुढच्या टोकाला थोडी वाळू उचललेली, तर जमीन ठीक आहे. नुसत्या नालेचा ओरखडा उठला तर ती कठीण झाली. कडा ढासळून ठशाचा खड्डा झाला तर वाळू कोरडी किंवा खोल आहे. हे दहा ठिकाणी पाहावं, कोपऱ्यांत आणि अडथळ्यापुढे जरूर.

क्लबांनी आणि संघटनांनी यातल्या निदान काही गोष्टी नियमात आणाव्यात. स्पर्धेच्या पत्रकात पृष्ठभाग कशाचा, थर किती आणि निचरा कोणत्या पद्धतीचा, हे छापावं, म्हणजे घोडा आणायचा की नाही हे मालकाला ठरवता येईल. नवं रिंगण बांधणाऱ्याने कंत्राटात वाळूचा चाळणी अहवाल, खालच्या थरांची जाडी, उताराची लेव्हल आणि पाणी बाहेर पडण्याचा नकाशा लिहून घ्यावा. खालचे थर वाळूने झाकण्याआधी त्यांचे फोटो काढून जाडी मोजावी. पहिला हप्ता अहवाल हातात आल्यावर द्यावा, आणि शेवटचा, तोही लहान नव्हे, पहिला पावसाळा सरून रिंगणात पाणी साठलं नाही हे पाहिल्यानंतर.